नव्या गाडीच्या कोटेशनमधील कोणत्या रकमांवर बोलणी करता येते?

कोरेगावकर (प्रश्नकर्ता):

नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात राहतो. घरासाठी चार मीटरपेक्षा कमी लांबीची, 1200 सीसीच्या आतील पेट्रोल गाडी घेण्याचे ठरले आहे. साताऱ्यातील एका वितरकाने दिलेले कोटेशन असे आहे : एक्स-शोरूम किंमत 9,20,000 रुपये, आरटीओ खर्च 1,08,000, विमा 47,500, हँडलिंग शुल्क 8,500, ॲक्सेसरीज संच 26,000, वाढीव वॉरंटी 17,000 आणि फास्टॅग 1,000. एकूण 11,28,000 रुपयांतून 20,000 रुपयांची सूट वजा करून ऑन-रोड 11,08,000 रुपये सांगितले आहेत. याहून कमी होणार नाही, कारण सर्व दर कंपनीने ठरवलेले आहेत, असे विक्री प्रतिनिधीचे म्हणणे आहे.

उसाचे बिल जमा झाल्यावर निम्मी रक्कम आम्ही भरू आणि उरलेल्या रकमेचे कर्ज घेऊ. पत्नी एका शिक्षण संस्थेत शिक्षिका आहे. जुनी गाडी 2014 सालची असून तीही द्यायची आहे. यांतील कोणत्या रकमा खरोखर ठरलेल्या आहेत आणि कोणत्या कमी करून घेता येतात? पुण्यातून गाडी घेतल्यास काही फरक पडेल का? अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ:

आपण एकूण रकमेवर बोलणी करत आहात, आणि वितरकालाही तेच हवे असते. एकूण रकमेतून वीस हजार कमी झाले की ग्राहकाचे समाधान होते. त्याच वेळी हँडलिंग आणि ॲक्सेसरीज मिळून साडेचौतीस हजार रुपये त्याच कागदावर चढलेले असतात, ते नजरेत येत नाहीत. म्हणून प्रत्येक रकमेचा स्वतंत्र विचार करावा.

एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, हे खरे आहे. मात्र आपल्या वर्गातील गाडीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला आहे, तेव्हा दिलेला दर त्यानंतरच्या दरपत्रकातील आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

आरटीओ खर्चात घासाघीस होत नाही, पण हिशेब मात्र मागता येतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर 11 टक्के एकरकमी कर लागतो. आपल्या बाबतीत तो 1,01,200 रुपये होतो. नोंदणी शुल्क 600, बँकेचा बोजा चढवण्याचे 1,500, स्मार्ट कार्डाचे 200 आणि करावरचा थोडा रस्ता सुरक्षा उपकर धरला तरी 1,08,000 चा आकडा गाठताना काही रक्कम उरते. ती कशाची, हे लेखी विचारावे आणि गाडी ताब्यात घेताना कराची व शुल्काची सरकारी पावती मागून घ्यावी. वरच्या व्हेरिएंटचा मोह होत असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्यावी : किंमत दहा लाखांच्या वर गेली की कराचा दर 12 टक्के होतो आणि तो पूर्ण किमतीवर लागतो. शिवाय एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करायचा आयकर) भरावा लागतो, जो आयकर विवरणपत्रात पुढे वळता करून घेता येतो.

हँडलिंग शुल्काबाबत मात्र ठाम राहावे. गोदामातून गाडी आणणे, धुणे आणि उभी करून ठेवणे हा विक्रीचाच भाग आहे, त्याला वेगळा कायदेशीर आधार नाही. अशी आकारणी परत करण्याचे आदेश ग्राहक आयोगांनी यापूर्वी दिलेले आहेत. नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागितल्यास तेही देऊ नयेत. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट कंपनीनेच द्यायची असते आणि तिचा खर्च गाडीच्या किमतीत धरलेला असतो.

विम्यात सर्वांत जास्त वाव आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सर्वत्र सारखाच असतो. 2022 च्या अधिसूचनेनुसार 1000 ते 1500 सीसी गाडीला तो कराव्यतिरिक्त 10,640 रुपये आहे. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि झीरो डेप (भरपाईत सुट्या भागांची घसारा-कपात न होणे), इंजिन प्रोटेक्टसारख्या पुरवण्यांत. विमा वितरकाकडूनच घ्यावा अशी सक्ती करता येत नाही. बाहेरचे कोटेशन घेऊन समोर ठेवावे. गाडीची विमा किंमत आणि पुरवण्या दोन्हीकडे सारख्याच आहेत ना, हे मात्र तपासावे, नाहीतर तुलना फसवी ठरते.

शोरूममधला जुना माणूस:

मी काही वर्षे एका वितरकाकडे विक्री विभागात काम केले आहे, म्हणून पलीकडची बाजू मांडतो. लहान गाडीच्या विक्रीवर वितरकाला सुटणारा नफा फार मोठा नसतो. खरी मिळकत विम्याच्या कमिशनवर, कर्जाच्या मोबदल्यावर, ॲक्सेसरीजवर आणि पुढे सर्व्हिसिंगवर असते. त्यामुळे ‘विमा आणि कर्ज दोन्ही आमच्याकडून घेतल्यास आणखी दहा हजार कमी करतो’ हा प्रस्ताव येतो, तेव्हा ते दहा हजार कोठून आले हे आपण ओळखायला हवे. प्रस्ताव वाईट असतोच असे नाही, पण बाहेरचा विमा बारा हजारांनी स्वस्त असेल तर आपणच दोन हजार दिलेले असतात.

सवलतीचेही दोन भाग असतात. एक कंपनीचा, जो त्या महिन्याच्या परिपत्रकानुसार सर्व वितरकांना सारखा असतो. दुसरा वितरकाच्या स्वतःच्या नफ्यातला. प्रतिनिधी बहुतेक वेळा पहिला भागच ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून सांगतो. आपण थेट विचारावे की या वीस हजारांत कंपनीचे किती आणि वितरकाचे किती. उत्तर देताना चाचपडला, तर दुसरा भाग अजून खिशातच आहे असे समजावे. त्यानंतर प्रतिनिधीशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या हातात ठरावीक मर्यादाच असते. विक्री व्यवस्थापकाशी बोलण्याची विनंती करावी आणि आज आगाऊ रक्कम भरण्याची तयारी आहे हे स्पष्ट सांगावे. नुसती चौकशी करणाऱ्याला शेवटचा आकडा कोणीही देत नाही.

वेळ फार महत्त्वाची. महिनाअखेरीस, त्यातही तिमाही संपताना, उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी वितरक स्वतःचा भाग सोडतो. याउलट दसरा, धनत्रयोदशी किंवा पाडव्याला मुहूर्तावरच गाडी हवी म्हणणाऱ्याला सूट कमी आणि हार-पेढे जास्त मिळतात. पितृपक्षात शोरूम ओस पडलेले असते. आपली हरकत नसेल तर त्या काळात बोलणी पूर्ण करून गाडी नवरात्रात ताब्यात घ्यावी. फक्त ठरलेला दर त्या तारखेपर्यंत कायम राहील असे बुकिंग फॉर्मवर लिहून घ्यावे. त्या फॉर्मवर ‘डिलिव्हरीच्या वेळचा दर लागू’ हे वाक्य जवळपास नेहमी छापलेले असते.

आणखी एक. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली, हे चासी क्रमांकासह आधी विचारावे. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना आणि वर्ष नोंदले जाते आणि पुढे विकताना भाव त्यावरूनच ठरतो. जानेवारीत मागील वर्षाची गाडी घेत असाल तर नेहमीच्या सवलतीवर आणखी भरघोस रक्कम मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांत त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते, तेही पाहावे. पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणीपूर्वी यार्डात जाऊन गाडी डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरावा. नोंदणी झाल्यावर तक्रारीला फारशी धार राहत नाही.

मिरजकर:

कर्जाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. सांगली-मिरज भागात ‘फक्त सात टक्के’ असे सांगून फ्लॅट दराने (पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज लावून) कर्ज देणारे अनेक जण भेटतात. सहा लाख रुपये पाच वर्षांसाठी सात टक्के फ्लॅट दराने घेतल्यास व्याज 2,10,000 रुपये आणि मासिक हप्ता 13,500 रुपये होतो. घटत्या शिलकीच्या पद्धतीने हाच हप्ता साधारण साडेबारा टक्के दराचा असतो. राष्ट्रीयीकृत बँकेचा नऊ-साडेनऊ टक्क्यांचा प्रस्ताव ऐकताना महाग वाटतो, प्रत्यक्षात तो बराच स्वस्त असतो. आपल्या बँकेकडून आधी मंजुरी घेऊन ठेवावी. मग वितरकाच्या कर्जावर आपण अवलंबून नाही हे त्यालाही कळते आणि बोलणी सोपी होते. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड लावता येत नाही, म्हणून पुढच्या हंगामाच्या बिलातून फेडण्याचा विचार असल्यास दराचा प्रकार विचारून घ्यावा. रोख भरणार असाल तर एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. पैसे बँकेतूनच वळते करावेत.

कोरेगावकर (प्रश्नकर्ता):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुण्याविषयी आणि जुन्या गाडीविषयीही कोणी सांगू शकेल का? शोरूममध्ये जुन्या गाडीचे 1,60,000 आणि वर 25,000 एक्सचेंज बोनस सांगितला आहे. बाहेरचा एक ग्राहक 2,00,000 रुपये द्यायला तयार आहे.

कृष्णाकाठ:

पुण्यात एकाच कंपनीचे अनेक वितरक असल्याने त्यांच्यात चढाओढ असते आणि साठाही मोठा असतो. तेथे गाडी घेऊनही आपल्या पत्त्यावर एमएच 11 पासिंग (साताऱ्याची नोंदणी) होऊ शकते, आणि वॉरंटी व मोफत सर्व्हिसिंग कोणत्याही अधिकृत कार्यशाळेत मिळते. तरीही दोन्हीकडचा फरक दहा-बारा हजारांच्या आत असेल तर मी साताऱ्यातूनच घेईन. कागदपत्रांसाठी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या फेऱ्या आणि टोल यांचा हिशेब कोणी धरत नाही. पुण्यातील दोन वितरकांकडून लेखी कोटेशन मागवावे आणि त्यांतील ओळन् ओळ साताऱ्यातील व्यवस्थापकापुढे ठेवावी. तोंडी सांगितलेल्या आकड्याला तो किंमत देत नाही.

शिक्षकांसाठी काही कंपन्यांची संस्थात्मक सवलत असते. ओळखपत्र आणि पगारपत्रक लागते, आणि गाडी बहुधा त्या व्यक्तीच्याच नावावर घ्यावी लागते. तेव्हा कोणाच्या नावावर घ्यायची हे आधी ठरवा.

ॲक्सेसरीज संच पूर्ण नाकारावा. ‘वीस हजारांच्या ॲक्सेसरीज मोफत’ हा रोख सवलतीला पर्याय नव्हे, कारण त्या वस्तू वितरकाला तेवढ्याला पडत नाहीत. वाढीव वॉरंटी मला उपयुक्त वाटते, पण ती मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी नंतरही घेता येते का, हे विचारून ठेवावे.

शोरूममधला जुना माणूस:

जुन्या गाडीची बोलणी नव्या गाडीचा दर लेखी ठरल्यानंतरच सुरू करावी. दोन्ही एकत्र झाल्या की एकीकडचे पैसे दुसरीकडे सरकवता येतात. आपल्या आकड्यांनुसार शोरूमचे 1,85,000 होतात, म्हणजे बाहेरचा ग्राहक पंधरा हजारांनी वर आहे. काही कंपन्या जुनी गाडी बाहेर विकून तिची आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा पुरावा दिला तरी बोनस देतात, तेव्हा हा प्रश्न विचाराच. तसे झाल्यास आपल्याला 2,25,000 मिळतील.

गाडी कोणालाही दिली तरी तिच्या विम्यावरील नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्यासोबत राहतो. विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले की नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागाच्या हप्त्यात 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. शोरूममध्ये हे आपणहून क्वचितच सांगतात. फॉर्म 29 आणि 30 वर (मालकी हस्तांतराच्या अर्जांवर) सह्या करून गाडी सोडली म्हणजे जबाबदारी संपली असे मात्र नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पोच सहीसह घ्यावी, घेणाऱ्याच्या आधारकार्डाची प्रत ठेवावी आणि परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नाव बदललेले दिसेपर्यंत पाठपुरावा करावा. शोरूमला गाडी दिली तरी हे सगळे तितकेच लागू आहे, कारण तेथून ती बहुतेक वेळा पुढच्या दलालाकडे जाते.