मदत हवी आहे: पळायला झाडीतला, हलक्या चढ-उताराचा रूट

दमछाक:
सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. चढ-उताराची प्रॅक्टिस पाहिजे पण डांबरावर नको, गुडघा कुरकुरतोय. मातीची वाट, आजूबाजूला झाडी, १२ ते १५ किमी, गडाबिडाचा उभा चढ नको, नुसतं वर-खाली वर-खाली असं पाहिजे. कुणाला माहीत असेल तर पटकन सांगा, आठवडे कमी उरलेत. शूज आणि डाएटवर ज्ञान नको प्लीज, फक्त रूट.

टेकडीकर:
वेताळ टेकडी. विषय संपला. एआरएआयच्या (ती गाड्यांची संशोधन संस्था) बाजूने वर जा, खाणीच्या तळ्याला वळसा घाला, पंचवटीकडे उतरा, परत चढा, मग चतुःशृंगीच्या अंगाला जाऊन माघारी. सकाळी सहाला निम्मं पुणं तिथेच असतं त्यामुळे सोबतही मिळते.

अनुराधा_जो:
तुम्ही राहता कुठे? आणि गुडघा नेमका कुठे दुखतो, वाटीच्या खाली की बाहेरच्या बाजूला? चढताना की उतरताना? याआधी हाफ केलीय का? यातलं काहीच लिहिलं नाहीये आणि उत्तर मात्र पटकन हवंय.

रानभूल:
@टेकडीकर, झाडी म्हणजे ते गिरिपुष्प का? वनखात्याने लावलेलं बाहेरचं झाड, भराभर वाढतं आणि खाली गवताची काडी उगवू देत नाही. पक्ष्यांना, किड्यांना खायला फारसं काही नाही. त्याला रान म्हणायचं असेल तर मग एक्सप्रेसवेच्या मधली कण्हेर पण रानच.

टेकडीकर:
त्यांना पळायचंय हो, पक्षी नाही मोजायचेत. सावली आहे, पायाखाली माती आहे. ती झाडं नव्हती तेव्हा उघडा माळ होता तिथे, मी लहानपणापासून बघतोय.

रानभूल:
उघडा माळ नाही, गवताळ माळ. त्याच्यावर जगणारे पक्षी-प्राणी वेगळे असतात. प्रत्येक मोकळ्या जागेवर झाड लावलंच पाहिजे हे खूळ कुठून आलं देव जाणे.

दमछाक:
अहो पुण्यात नाहीये मी. गावी आहे, वर्क फ्रॉम होम चालू आहे.

सातारी_कंदी:
गावी म्हणजे कुठल्या? महाराष्ट्रात ४०,००० च्या वर गावं आहेत भावा.

दमछाक:
मेढा रोडला, कण्हेर धरणाच्या बाजूला. नेट येतं-जातं म्हणून थोडक्यात लिहितोय. उतरताना दुखतो, बाहेरच्या बाजूला. हाफ केलीय पण सपाटीवर.

नाचणीप्रेमी:
ज्ञान नको म्हणालात तरी सांगते, पळण्याआधी नाचणीचं आंबील घ्या ताकातलं. त्या एनर्जी जेलच्या पाकिटांपेक्षा शंभर पटीने बरं. आमच्या ह्यांना पित्ताचा त्रास होता तो पण गेला.

सातारी_कंदी:
अरे मग पुण्याच्या टेकड्या कशाला ऐकत बसलास, तुझ्या डोक्यावरच तर कासचा डोंगर आहे! गाडी घेऊन साताऱ्यात ये, समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट चढ, सांबरवाडी, पेट्री मागे टाकून घाटाई फाट्यापर्यंत जा. तिथून घाटाई देवीकडे वळलं की दाट झाडी लागते, देवराई आहे ती, पाऊस थांबला तरी आत अर्धा तास थेंब पडत राहतात. त्या अंगाने वाड्यावस्त्यांना जायच्या गाडीवाटा आहेत, चढ आहेत पण दम काढणारे नाहीत. एकच वाट धरून जायचं आणि त्याच वाटेने यायचं, नवीन माणसाने गोल मारायच्या भानगडीत पडू नये, धुकं आलं की दहा पावलांवरचं दिसत नाही.

पण एक सांगतो, रेस डांबरावरच आहे. अर्धी रेस घाट चढायचा आणि उरलेली अर्धी तोच घाट उतरायचा. नुसता मातीवर पळालास तर उतारात मांड्या भरून येतील, शेवटचे ५ किमी जिन्यावरून उतरल्यासारखं चालशील. आठवड्यातून एकदा तरी घाट उतरायची सवय कर.

अनुराधा_जो:
@सातारी_कंदी, त्याला उतारावरच दुखतंय आणि तुम्ही त्याला घाट उतरायला लावताय! उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो म्हणून तो भरून येतो, हे बरोबर. पण बाहेरच्या बाजूचं दुखणं बहुतेक वेळा आयटी बँडचं (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा) असतं, ते अंगावर काढलं तर रेस विसरा. आधी फिजिओला दाखवा. आणि घाटातला रस्ता कडेला कललेला असतो, एकाच बाजूने पळत राहिलं तर तेवढ्यानेही दुखतं.

सातारी_कंदी:
ताई दाखवू दे की, मी कुठे नको म्हणतोय. पण रेसच्या दिवशी डोंगर सपाट होणार नाहीये. चढ पळत, उतार चालत, मग हळूहळू उतार पळत, असं करता येतं. आमच्याकडे सगळे तसंच करतात.

टेकडीकर:
पुण्याला आलात की टेकडीवर या, ऑफर अजून आहे.

वाटसरू_बामणोली:
रूट सांगितला पण गव्याचं कुणी बोललंच नाही. त्या सगळ्या पट्ट्यात गवे आहेत, पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. दिसला की थांबायचं, मोबाईल काढायचा नाही, सावकाश मागे सरकायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. एकटा गवा जास्त वाईट. अस्वलंही आहेत, म्हणून कानात इअरफोन घालून पळू नका आणि चांगलं उजाडल्यावरच निघा.

दुसरं म्हणजे शेताच्या बांधावरच्या तारा. रानडुकरं आणि गव्यांसाठी लोक झटका मशीन लावतात, सोलरवाली. तिचा झटका बसून माणूस सहसा मरत नाही पण काही जण गुपचूप लाईटच सोडतात तारेत, बेकायदा असलं तरी. पावसात बांधावरून शॉर्टकट मारूच नका.

रानभूल:
आणि सड्यावर, म्हणजे कासच्या उघड्या कातळी पठारावर, पळू नका!! कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि आत्ता तिथे सगळं उगवून येतंय. २०१२ ला जागतिक वारसा म्हणून जाहीर झालंय ते पठार, कुणाचा ट्रॅक नाही. शिवाय ओला जांभा शेवाळाने एवढा निसरडा होतो की गुडघ्याचं सोडा, माकडहाड मोडेल.

दमछाक:
सडा नको, मला झाडीच पाहिजे होती. घाटाईकडे जाऊन बघतो. फाट्याला बाईक लावली तर चालते का? आणि शनिवार-रविवार गर्दी असते का?

सातारी_कंदी:
फाट्यावर टपरी असेल तिथे सांगून लाव, नको कोण म्हणत नाही. शनिवार-रविवार जाऊच नको, आत्ता पावसाळी पर्यटक आणि पुढे फुलांचा सीझन लागला की पुण्या-मुंबईच्या गाड्या घाटात अडकून पडलेल्या असतात, पळणाऱ्याला कडेला पाय टेकायला जागा नसते. मंगळवार-बुधवार धर. फोनला रेंज मिळेलच असं नाही म्हणून घरी सांगून निघ, आणि मॅप आधीच डाउनलोड कर.

अनुराधा_जो:
आणि फिजिओ?

दमछाक:
सोमवारी जातो ताई. मेढ्यात कुणी चांगला आहे का की साताऱ्यालाच यावं लागेल?

नाचणीप्रेमी:
साताऱ्याला जाणारच असाल तर येताना नाचणी घेऊन या.