मदत हवी आहे: सोसायटीतल्या रायवळ आंब्याचं कलम बांधायचं आहे

नमस्कार मंडळी,

मुलुंडला आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. मागच्या अंगणातला रायवळ आंबा तोडायची परवानगी निघाली आहे, गणपतीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. फळ लहान, रेषाळ, चोखून खायचं. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही, पण तसा रस मी दुसरीकडे कुठे खाल्लेला नाही. बाठा पेरला तर झाड येईल, चव तीच येईल याची खात्री नाही. म्हणून कलमच हवं.

जूनमध्ये याच झाडाचे बाठे पिशव्यांत लावलेत. काही रोपांची पानं अजून तांबूस, लुसलुशीत आहेत, काहींची हिरवी झालीत. कलम याआधी कधी बांधलेलं नाही. यातली कोणती रोपं घ्यायची? त्यांच्यावर बांधायला जुन्या झाडाची काडी कशी निवडायची? आणि पावसात हे घरच्या गॅलरीत जमेल का?

प्रतिसाद:

दादा, वेळ अगदी योग्य आहे. कोय कलम, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर काडी बांधणं, जुलै-ऑगस्टमध्येच करतात, हवेतला दमटपणा लागतो.

तांबूस पानांची, उगवून १०-१५ दिवस झालेली रोपं आधी घ्या. हिरव्या पानांच्या रोपांवर घाई करू नका. ती वाढू द्या, पुढच्या पावसाळ्यात त्यांना नवी तांबूस फूट आली की तिच्यावर मृदकाष्ठ कलम (कोवळ्या फुटीवरचं कलम) करता येतं. पण तोवर तुमचं झाड राहणार नाही. तेव्हा यंदा जमेल तितकी कोय कलमं कराच, पुढच्या वर्षीच्या काड्या त्यांच्यावरच मिळतील.

सगळ्यात महत्त्वाची काडी. फांदीच्या टोकाची, ३-४ महिन्यांची, रोपाच्या खोडाइतक्याच जाडीची, डोळा (टोकाचा कोंब) फुगलेला पण उमललेला नाही अशी. झाडावर असतानाच तिची पानं कापा, देठ ठेवा. ८-१० दिवसांत देठ गळतात, मग काडी काढा. शक्यतो त्याच दिवशी बांधा. नाहीच जमलं तर ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-तीन दिवस टिकते.

रोप कोयीच्या वर ६-७ सेंमीवर आडवं कापा, मधोमध ३-४ सेंमी चीर द्या. काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासा, एका झटक्यात, खरवडू नका. ब्लेड नवं हवं, स्पिरिटने पुसलेलं. काडी चिरेत बसवताना निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे, कारण जोड सालीखालच्या हिरव्या थरातूनच धरतो. प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा आणि वरून पेप्सीकोल्याची रिकामी, धुतलेली पिशवी टोपीसारखी घाला.

गॅलरी चालेल, फक्त वरून पाण्याचा मारा नको आणि कडक ऊन नको. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की टोपी काढा. जोडाखालून येणारी फूट लगेच खुडा, नाहीतर रोपच वाढेल आणि काडी वाळेल. जोड पक्का झाला की पट्टी सोडा, नाहीतर ती खोडात रुतते.

सगळी लागतील असं धरू नका, जास्तच बांधा.

धागाकर्ता:

खूप आभार. शनिवारी पानं कापून ठेवतो. खालच्या फांद्या छाटलेल्या आहेत, चांगल्या काड्या वरच आहेत, तेव्हा माळीदादांना लांब काठीचा आकडा घेऊन बोलावलंय. मुलुंड-भांडुपकडे कोणी हाताने कलम बांधणारं असेल आणि पहिलं एक समोर बांधून दाखवणार असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तयार कलमांतली दोन त्यांना आनंदाने देईन.