पणजीच्या हातची कुंची: बारशाला बाळाला घालावी का?

प्रश्न (सदाशिव पेठ, पुणे)

नमस्कार. माझ्या सासूबाईंच्या आजीने हाताने शिवलेली जांभळ्या खणाची एक कुंची आमच्या घरी आहे. कडेने जरीचा काठ, टोपीच्या शिवणीवर बारीक मोती आणि आतून धुवट लुगड्याचे मऊ अस्तर, असे तिचे रूप आहे. सासूबाईंनी आणि नंतर माझ्या यजमानांनी ती बारशाला घातली होती. आता नणंदेच्या बाळाचे बारसे आहे. मात्र खण घडीच्या रेषेवर विरला आहे, जरी काळवंडली आहे आणि वर्षानुवर्षे डांबरगोळ्यांत ठेवल्यामुळे तिला उग्र वास येतो. अस्तर बदलून, जरी उजळवून घेऊन ती वापरावी का?

प्रतिसाद १

आधी वासाविषयी लिहिते, कारण इथे प्रश्न बाळाच्या जिवाचा आहे. डांबरगोळ्यांतले नॅप्थलिन श्वासातून आणि कातडीतून अंगात जाते. ज्या अर्भकांमध्ये जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात आणि कावीळ धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. ही कमतरता पुष्कळदा घरात कोणालाच ठाऊक नसते. म्हणून ही कुंची बाळाला क्षणभरही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या दोऱ्यातून सुटलेला मोती तोंडात जाण्याची भीती आहे, ती वेगळीच.

प्रतिसाद २

अस्तर कृपया उसवू नका. त्या लुगड्याच्या तुकड्यावर तुमच्या पणजीसासूबाईंचे टाके आहेत आणि माझ्या दृष्टीने खणाइतकेच मोल त्यांना आहे. जुनी खरी जरी म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार असते. ती पावडरीने घासली तर काळेपणाबरोबर मुलामाही निघून जातो, त्यामुळे ती आहे तशीच असू द्यावी. विरलेल्या जागी रफू केल्यास दोरा ताणला जाऊन शेजारचे रेशीमही फाटते. त्याऐवजी खालून त्याच रंगाच्या तलम रेशमाचा आधार देऊन, बारीक सुईने सैल टाके घालावेत. बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय मुलांना अवश्य दाखवा. रोजच्या वापरातल्या घरगुती वस्तूही किती मायेने जपण्याजोग्या असतात, हे तिथे डोळ्यांना दिसते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही मते मला पटतात, तरी बारशात कुंची असावी ही तुमची इच्छाही रास्त आहे. जुनी कुंची न उसवता पाटावर पसरून तिच्या मापाने कागदावर बेतणी काढा, लक्ष्मी रस्त्यावरून जांभळा खण आणा आणि जुन्या मलमलचे अस्तर लावून, मोती न लावता, नवी शिवा. बाळाला नवी घालावी. जुनी तबकात ठेवून पाळण्यापासून दूर मांडावी आणि तिला हळदकुंकवाचे बोट लावू नये, कारण रेशमावरचा कुंकवाचा डाग निघत नाही. नंतर पावसाळा सरल्यावर कोरड्या हवेत, सावलीत तिला वारा द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात ठेवा, घडीच्या जागी त्याच कापडाची गुंडाळी घाला आणि दर वर्षी घडी बदला. कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवावी, पण ती कुंचीला टेकू देऊ नये.