मदत हवी आहे : पार्किन्सन्ससाठी स्टेम सेल, पुण्यात कुणाचा अनुभव?

नमस्कार मंडळी. सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे, वय ७१, आम्ही कोथरूडला राहतो. त्यांच्या लेव्होडोपा या औषधाच्या गोळीचा असर हल्ली पुढच्या डोसाआधीच उतरतो, मग पाय जागीच खिळतात. आता नात्यातल्या एकांनी स्टेम सेल (मूळ पेशी) उपचार करणाऱ्या क्लिनिकचं नाव सुचवलंय. कमरेच्या हाडातून मज्जा काढून पेशी पाठीच्या मणक्यात सोडणार, पैसे आगाऊ. लेखी काही मागितलं तर पेशंटचे व्हिडिओ पाठवतात!

मी वाचलं ते असं : २०२५ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले, त्यात प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशी शस्त्रक्रिया करून थेट मेंदूत सोडल्या होत्या. रुग्ण अवघे सात, आणि मुख्य प्रश्न होता हे सुरक्षित आहे का. कमरेतून मणक्यात हा प्रकारच वेगळा. शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल म्हणजे संशोधनच, तेही नोंदणी केलेल्या चाचणीत, रुग्णाकडून पैसे न घेता. मग हे बिल कशाचं?

बाबा मात्र आशेला लागलेत, त्यांना तोंडावर नाही म्हणवत नाही.

कुणी प्रत्यक्ष केलंय का? वर्षभरानंतर काय फरक राहिला? सीटीआरआयच्या (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदणी) यादीत खरी चाचणी कशी ओळखायची? आणि या वयात डीबीएस (मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया) करून घेतलेलं कुणी आहे का, त्यासाठी पुण्यात दुसरं मत कुठे घ्यावं? क्लिनिकची जाहिरात कृपया नको.