सारखा खोल श्वास घ्यावासा वाटतो? तुमचे अनुभव सांगा

दोन महिने झाले. ऑफिसात नुसती बसलेली असले तरी श्वास अर्धवटच आत गेल्यासारखं वाटतं. मग मुद्दाम खोल घ्यायचा, जांभई द्यायची. एखादा नीट 'लागला' की दहा मिनिटं बरी. गंमत म्हणजे दादरचा पूल चढताना काही नाही! ईसीजी नॉर्मल, ऑक्सिमीटर 98. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. असं कुणाला झालंय? शेवटी काय निघालं?

मुलुंडची माई: त्या 98 वर जाऊ नकोस गं. माझंही 98च होतं, आणि हिमोग्लोबिन 7.2! आहे त्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती चढलाय, एवढंच ते यंत्र सांगतं. मुळात हिमोग्लोबिनच कमी आहे हे त्याला काय कळणार. मी मात्र जिन्यावरच दमायचे. पुलाच्या मधल्या पायरीवर थांबून मोबाइल बघायचं नाटक करायचे, मागून गर्दीच्या शिव्या. पाळीत फार जात होतं, फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ निघाली. लोहाची सलाइनं घेतली तेव्हा कुठे आमचे तीन मजले न थांबता चढले.

चहाबाज: ॲसिडिटी. जेवण साडेदहावरून आठवर आणलं, गेलं.

खिडकीवाली: घराजवळ कबुतरं आहेत का? सासूबाईंना कोरडा खोकला आणि धाप. आम्ही वर्षभर दमा समजून पंप देत होतो. छातीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे घरटी होती. विष्ठा-पिसांच्या धुळीची फुफ्फुसांना ॲलर्जी, सीटी स्कॅनमध्ये दिसलं. जाळी लावली, स्टेरॉइड सुरू आहे; पण जेवढं फुफ्फुस कडक झालं तेवढं झालंच. रोज ज्वारी त्या स्वतःच टाकायच्या, आता बोलायचं कुणाला.

बोरिवली स्लो: बाबांना आडवं झालं की गुदमरायचं. एक उशी, मग तीन, मग खुर्चीतच झोप. पायांना सूज. टू-डी एको केला तर हृदयाचं पंपिंग 30 टक्के. असं काही असेल तर इथे विचारत बसू नका, निघा.

रातपाळी: माझं अगदी तुमच्यासारखं. सगळे रिपोर्ट चांगले, नळीत फुंकायला लावून फुफ्फुसं तपासतात ती स्पायरोमेट्रीसुद्धा. डॉक्टरांनी विचारलं, झोपेत होतं का? नाही. कामात गुंतल्यावर? नाही. म्हणाले, हवा कमी पडत नाहीये, तू जास्त घेतोयस. सारखे खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरायला होतं, की पुन्हा श्वास. तेव्हा नोकरी जायच्या बेतात होती. आता नाकाने हळू आत, त्याच्या दुप्पट वेळ बाहेर. तरी अप्रेझल आलं की सुरू होतंच.

धागाकर्ती: मुंग्या! मी बी-12 कमी असेल समजत होते. झोपेत होतं का ते नवऱ्याला विचारलं, कधीच नाही म्हणतो. तरी माईंचं वाचून उद्या सीबीसी आणि थायरॉइडला रक्त देतेय. आणि हो, आत्ताच बघून आले, बाथरूमच्या खिडकीत कबुतराची दोन अंडी आहेत.