छळात विश्वास टिकतो कसा? (तपशील हवेत, कथा नकोत)

पापडीकर
क्रूसावरच्या संत गोन्सालो गार्सियांच्या (आपले वसईचे, जपानात हुतात्मा झालेले) तळहातांत खिळे ठोकलेलं एक चित्र कालपासून ग्रुपवर फिरतंय. सण जवळ आलाय ना. ते बघून धर्मशिक्षणाच्या वर्गातली जुनी चूक आठवली, तिथेही खिळेच सांगायचे. नागासाकीला खिळे नव्हते. मान, मनगटं आणि घोटे यांना लोखंडी कड्या, टेकायला मध्ये एक लाकडी खुंट, आणि मग दोन्ही बाजूंनी भाले. ५ फेब्रुवारी १५९७, निशिझाका टेकडी. एकूण २६ जण: ६ फ्रान्सिस्कन, ३ जेझुइट (दोन्ही कॅथलिक संन्यासी संघ), उरलेले १७ जपानी प्रापंचिक. सगळ्यांत लहान लुईस इबाराकी, वय १२. क्योतोला डाव्या कानाची पाळी कापली, गल्लोगल्ली फिरवलं आणि ऐन थंडीत सुमारे महिनाभर चालवत नागासाकीला नेलं.
आपल्याकडे हुतात्म्यांवर प्रवचनं खूप, पण जे मेले नाहीत, ज्यांना रोज जगायचं होतं, त्यांनी ते कसं जमवलं यावर कोणी बोलत नाही. म्हणून धागा. 'माझ्यासोबत चमत्कार झाला' हे दुसरीकडे लिहा. इथे कोणी, काय, किती, कुठे फसलं, एवढंच.

शेवंती
वा, छान विषय. सण ५ ला की ६ ला?

पापडीकर
६ ला. ५ ला संत आगाथा आहेत, म्हणून एक दिवस पुढे.

निर्मळचा_नातू
गोन्सालो धर्मगुरू नव्हते हे लोक विसरतात. मिस्सा नाही, प्रवचन नाही. साधे बंधू, पोर्तुगीजमध्ये 'इर्मांव'. आधी जपानात जेझुइटांबरोबर राहून भाषा पक्की केली, मग व्यापार, मग मनिलाला फ्रान्सिस्कन, आणि १५९३ ला पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळाचे दुभाषी म्हणून परत जपानात. म्हणजे जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा तोंड यांचं होतं.
तो 'इर्मांव' शब्द पुढे जपानी सरकारी फलकांवर पोचला. चौकात पाट्या लावायचे, कोणाला पकडून दिलं तर किती बक्षीस. १६८२ चा दर: 'बातेरेन' म्हणजे पाद्री, चांदीची ५०० नाणी. 'इरुमान' ३००. एकदा धर्म सोडून परत वळलेला, तोही ३००. पाद्रींचा मदतनीस किंवा साधा ख्रिस्ती १००.

कोरा_कागद
परत वळलेल्याला इरुमानएवढाच भाव!! सरकारला बरोबर कळलं होतं खरा धोका कुठे आहे ते

रिटायर्ड_पाळक
पापडीकर, जगायचं होतं त्यांच्यासाठी लिहिलेलं पत्र बायबलमध्ये आपल्या हातातच आहे, पेत्राचं पहिलं. पहिल्या ओळीतले पत्ते बघा: पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया. आजचा तुर्कस्तान. यातल्या पंत-बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सन ११२ च्या सुमारास सम्राट त्रायानला विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं करू काय. त्याची पद्धत त्याने स्वतःच लिहून ठेवलीय. 'ख्रिस्ती आहेस का?' असं तीनदा विचारायचं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा शिक्षेची धमकी देऊन. तरी 'हो' म्हणाला तर मृत्युदंड. रोमन नागरिक असेल तर रोमला रवानगी. 'नाही' म्हणणाऱ्याने देवांची नावं घ्यायची, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप-द्राक्षारस वाहायचा, ख्रिस्ताला शाप द्यायचा. अधिक माहितीसाठी त्याने दोन दासींचा छळ केला, त्या मंडळीत सेविका होत्या. हाती काय लागलं? पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही, ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेतात. बस.
त्रायानचं उत्तर: शोधायला जाऊ नका, निनावी तक्रार घेऊ नका, सिद्ध झालं तर शिक्षा, नाकारलं तर सुटका.

शेवंती
निनावी तक्रार घेऊ नका 😀 आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा त्रायान बरा

रिटायर्ड_पाळक
शेवंतीताई, खरं आहे 🙂 आता पेत्राचा ४:१५ वाचा. खुनी, चोर, दुष्कर्मी आणि चौथा: 'दुसऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करणारा'. या चौथ्यासाठीचा ग्रीक शब्द नव्या करारात दुसरीकडे कुठेच नाही. पेत्र म्हणतो, या चारांपैकी कशामुळे मार खाल्लात तर त्याला ख्रिस्तासाठी दुःख सोसलं म्हणू नका. आपल्याकडे निम्मी भांडणं चौथ्या रकान्यातली असतात. शेजाऱ्याच्या सणाला नावं ठेवायची, त्याने सुनावलं की 'आमचा छळ होतो'. ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा म्हणतो, पण कोणी विचारलं तर, आणि सौम्यतेने.

अ‍ॅडव्होकेट_बाय
पाळककाका, ४:१५ मान्य. पण २:१८ चं काय? 'दासांनो, कठोर धन्यांच्याही अधीन राहा.' हे वचन नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांना किती वेळा ऐकवलं जातं ते माहीत आहे ना? ज्यांना कोर्टच नव्हतं अशा गुलामांना उद्देशून लिहिलेलं आहे ते. ज्याला कोर्ट होतं त्या पौलाने ते वापरलं. प्रेषितांची कृत्ये २२:२५, फटके मारायला बांधलं तेव्हा नागरिकत्व सांगितलं. १६:३७, फिलिप्पैच्या तुरुंगातून गुपचूप जायला नकार, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन सोडावं म्हणाला. २५:११, थेट कैसराकडे अपील. सोसणं आणि अर्ज करणं दोन्ही एकाच पुस्तकात आहे.

रिटायर्ड_पाळक
अनुमोदन. २:१८ एकटं वाचूच नये, २३ व्या वचनापर्यंत जावं. तिथे तो 'यथार्थ न्याय करणाऱ्यावर' सोपवतो. अन्यायाला अन्याय म्हटल्याशिवाय न्यायाधीश लागतोच कशाला.

फयूमचा_उंट
प्लिनीनंतरचा टप्पा मी लिहितो, कारण तिथे चक्क फॉर्म आहे. सम्राट डेसियस, सन २५०: साम्राज्यातल्या प्रत्येकाने बळी अर्पण करायचा आणि दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडलेत, जून-जुलै २५० चे. मजकूर ठरलेला: वर 'बळी-समितीस'. मग नाव, बापाचं नाव, गाव, वय, ओळखखूण. मग 'मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आणि आता आपल्यासमोर आज्ञेप्रमाणे बळी दिला, पेय ओतलं, प्रसाद चाखला. तसा दाखला द्यावा'. खाली साक्षीदाराची सही, तारीख. एकाचा अर्जदार औरेलियस डायोजेनिस, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. तो ख्रिस्ती होता की नव्हता, कागदावरून काही कळत नाही. सगळ्यांनाच घ्यावा लागायचा.
आता पळवाट. कारकुनाला पैसे चारून बळी न देताच दाखला मिळायचा. छळ ओसरल्यावर मंडळीपुढे प्रश्न: यांना परत घ्यायचं का? कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि २५१ ची परिषद यांनी तीन ढीग केले. बळी देणारे, फक्त धूप वाहणारे, फक्त कागद घेणारे. कागदवाल्यांना एकेकाची चौकशी करून प्रायश्चित्तानंतर परत घ्यायचं, बळीवाल्यांना मरणाच्या दारात. रोममध्ये नोवातियन म्हणाला, कोणालाच नाही, आणि वेगळी चूल मांडली. सिप्रियन डेसियसच्या वेळी स्वतः लपून राहिले होते, त्यावरून टोमणे खाल्ले; २५८ मध्ये मात्र त्यांचं डोकं उडवलं गेलं.

कोरा_कागद
भुवईवरचा व्रण!! आधार कार्ड निघालं की

दौंडकरीण
स्वयंपाक करता करता लिहितेय, चुका माफ. महाराष्ट्रातलं पण घ्या. पंडिता रमाबाई. छळ दोन्ही बाजूंनी झाला, याकडे कोणी बघत नाही. विधवा-मुलींसाठीची शाळा शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत उघडलं, दुसऱ्या वर्षी पुण्याला हलवलं. बाई स्वतः प्रार्थनेला बसायच्या ते दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. यावरून १८९३ ला गदारोळ, 'केसरी'तून टीका, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. ही एक बाजू. दुसरी: बाप्तिस्म्यावेळी बाई ज्यांच्याकडे राहत होत्या त्या इंग्लंडच्या सिस्टर बाईंवर नाराज, की त्रैक्य वगैरे आम्ही सांगतो तसं मुकाट मानत का नाही. बाईंनी दोघांनाही मान तुकवली नाही. दार बंद केलं नाही आणि पंथाचा शिक्काही घेतला नाही. त्यानंतर दुष्काळातल्या शेकडो मुली, केडगावची शेतजमीन, छापखाना, त्यावर मुलीच टाइप जुळवायच्या. हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं बायबल तिथेच छापलं

शेवंती
केडगाव म्हणजे नगरचं?

दौंडकरीण
नाही गं, दौंड तालुक्यातलं. पुणे-दौंड लाइनवर स्टेशन आहे. नगरच्या केडगावला उतरून मुक्ती मिशन (बाईंची केडगावची संस्था) विचारणारे नेहमी भेटतात. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, अण्णासाहेबांच्या. शिरा लागतोय, येते.

निर्मळचा_नातू
अवांतर: 'बाप्तिस्मा' की 'स्नानसंस्कार' ते ठरवा एकदा, वसईवाले आणि नगरवाले एका धाग्यावर आले की गोंधळ

पापडीकर
दोन्ही चालेल, पाणी तेच.

अ‍ॅडव्होकेट_बाय
आता कोरडं, पण लागतं ते. १८५० चा २१ वा कायदा: धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही. त्याआधी धर्मांतर म्हणजे घरदार गेलं. १८६६ चा कायदा: धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलं तर विवाह मोडायला कोर्टाची वाट. स्वातंत्र्यानंतर १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, परिच्छेद ३: हिंदूखेरीज कोणीही अनुसूचित जातीत धरला जाणार नाही. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. परिणाम: शिवी तीच, वस्ती तीच, पण जातीचा दाखला नाही, आणि तो नाही म्हणून अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही नाही.
१९८५ चा सुसाई खटला जरूर वाचा. मद्रासला रस्त्याकडेला चपला शिवणारा माणूस. सरकारने चांभारांना मोफत टपऱ्या दिल्या, याला ख्रिस्ती म्हणून नाकारली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, धर्मांतरानंतरही तीच झळ तेवढीच तीव्र राहते याचा पुरेसा पुरावा दाखवला नाही. म्हणून म्हणते, पुरावे ठेवा. पाणवठा, न्हावी, दफनभूमी, भाड्याची खोली. तारीख, जागा, साक्षीदार. आणि दफनभूमीचं म्हणाल तर त्रिचीला ख्रिस्ती स्मशानातच जातीची भिंत आहे. ती बाहेरच्या कोणी बांधलेली नाही.

कोरा_कागद
शेवटचं वाक्य...

निर्मळचा_नातू
राजकारणाकडे वळायच्या आत परत जपान. पापडीकरांचा मूळ प्रश्न तिथेच सुटतो.
शेवटचे पाद्री मान्सिओ कोनिशी १६४४ ला मारले गेले. पुढची २२१ वर्षं एकही धर्मगुरू नाही. पाच-पाच घरांचे गट, एकाचा गुन्हा पाचांवर. प्रत्येक कुटुंबाची बौद्ध मंदिरात नोंद सक्तीची. आणि नागासाकीत दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीला 'फुमी-ए': येशू किंवा मरियेच्या प्रतिमेवर अनवाणी पाय. १६६९ ला पितळेच्या २० पाट्या ओतून घेतल्या, त्या घरोघर फिरायच्या. तान्ह्या बाळाचा पाय आई टेकवायची, अंथरुणावरच्या आजाऱ्याच्या पायाला पाटी नेऊन लावायचे. उरलेल्या पाट्या बघा, चेहरे झिजून गुळगुळीत झालेत.
तर व्यवस्था अशी. गावात तीन कामं वाटलेली. एक पंचांग राखणारा: सण, उपास, कामबंदीचे दिवस तो सांगणार. दुसरा पाणी देणारा: स्नानसंस्कार फक्त तो करणार. तिसरा निरोप्या, घरोघर कळवणारा. कुमसार (पापांची कबुली) ऐकायला फादर नाहीत, म्हणून 'कोंचिरिसान', पश्चात्तापाची प्रार्थना, पाठ. पाटीवर पाय ठेवून घरी यायचं आणि ती म्हणायची. मयताला भिक्षू बोलवावाच लागे. तो पुढच्या खोलीत सूत्र म्हणतोय तेव्हा आतल्या खोलीत घरचे ते सूत्र पुसणारी प्रार्थना म्हणायचे.

फयूमचा_उंट
म्हणजे डेसियसच्या कागदाचंच जपानी रूप. फरक एवढाच, की इथे परत घेणारा बिशपही नव्हता, म्हणून प्रायश्चित्त घरातच ठेवलं.

शेवंती
पण पाय ठेवणं म्हणजे नाकारणंच ना? मनात काही असो

निर्मळचा_नातू
हो. त्यांनीही तसंच मानलं, नाहीतर कोंचिरिसान कशाला. ज्यांनी पाय ठेवला नाही त्यांचा वंश संपला, ज्यांनी ठेवला त्यांच्या नातवंडांनी १८६५ ला दार ठोठावलं. मी दोघांपैकी कोणालाही लहान म्हणणार नाही.

रिटायर्ड_पाळक
यात बिघडतं कुठे तेही लिहा. शब्द.

निर्मळचा_नातू
हो, तेच. पिढ्यान्‌पिढ्या पाठांतर, लॅटिन-पोर्तुगीज कानावरचं. स्नानसंस्काराला मुख्य दोन गोष्टी लागतात, साधं पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे शब्द. पाणी असायचं, काही ठिकाणी शब्द घसरलेले. शंका आली की नव्या फादरांनी सशर्त विधी करायचा: 'तुझा स्नानसंस्कार झाला नसेल तर मी...' दुसरी अडचण म्हणजे सगळे परत आलेच नाहीत. काहींना फादरांपेक्षा आजोबांचे शब्द जवळचे वाटले, ते वेगळेच राहिले.
आणि नागासाकीजवळच्या उराकामी गावच्या लोकांनी १८६७ ला मयताला भिक्षू बोलवायचं थांबवलं, तिथून शेवटचा छळ पेटला. तीन हजारांहून जास्त लोक हद्दपार, सहाशेहून जास्त त्यातच गेले. चौकातल्या त्या पाट्या उतरल्या १८७३ ला.

दौंडकरीण
आले. शिरा वाचला. १८६५ चं दार ठोठावणं कोणतं?

पापडीकर
ताई, ते मी सांगतो. नागासाकीचं ओउरा चर्च, परदेशी लोकांसाठी नुकतंच उघडलेलं. १७ मार्च १८६५, शुक्रवार. उराकामीची पंधराएक माणसं आत आली. एक बाई फादर पेतिजाँ यांच्या कानाशी म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि सांता मारियाची मूर्ती कुठे ते विचारलं. मग त्यांनीच फादरांना सांगितलं की सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस.

कोरा_कागद
म्हणजे उपवासकाळ? बरोबर होता?

पापडीकर
त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १ मार्चला. मोजा.

शेवंती
बोटांवर मोजलं. सतरा!! 😳 रविवार धरून ना?

पापडीकर
धरून. ५ आणि १२ तारखेचे वगळले तर पंधरा.

निर्मळचा_नातू
ते धरूनच मोजत होते. पंचांगवाल्याचं काम चोख.