मिठावरचा कर खरंच एवढा जड होता का?

हिशेबनीस: ब्रिटिशांच्या मीठकरावर आपण त्वेषाने बोलतो, हिशेब कुणी मांडत नाही. १८८८चा दर घ्या: मणाला २ रुपये ८ आणे. मणाचे ४० शेर, म्हणजे शेराला बरोबर १ आणा. पाच माणसांच्या घराला वर्षाला ३० शेर लागले तर कर झाला ३० आणे. दोन रुपयेसुद्धा नाहीत. शिवाय वसुली मिठागरावरच. दारात कारकून येत नव्हता.

रापणकर: दिवसाला दोन-तीन आणे मिळवणाऱ्या शेतमजुराची ती दहा-पंधरा दिवसांची मजुरी झाली. आणि तुम्ही फक्त जेवणातलं मीठ मोजलंत. गुरांचं? माशांचं? बोंबील नुसत्या उन्हावर वाळतो. बांगडा तेलकट, त्याला तीन-चार शेर मासळीमागे शेरभर मीठ हवंच. हात आखडला की काट्यालगतचं मांस आधी कुजतं, मग अळ्या.

हिशेबनीस: त्यासाठी सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात खारवणीची आवारं काढून तिथे स्वस्त मीठ दिलं, हे सोयीने विसरलात.

रापणकर: मीठ आवाराबाहेर न्यायचं नाही, मासळीच तिथे वाहून आणायची. लांबच्या खाडीतला बांगडा तेवढा वेळ टिकतो होय?

खारेपाट: दोघेही दरातच अडकलात. १८७८च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारात गोव्याच्या मिठावरचा ताबा ब्रिटिशांकडे गेला, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये. आगरवाल्याच्या हाती काय आलं? आगर पडीक ठेवलं की पावसाळ्यात बांध फुटतो, चोपून घट्ट केलेला तळ चिखल होतो. १८९२ मध्ये करार संपला म्हणून तो तळ आपोआप परत येत नाही. त्याच १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा दरही १ रुपया १३ आण्यांवरून अडीच रुपयांवर चढवला, बंगालचा मात्र उतरवला. (दर जवळ आले म्हणून पुढच्या वर्षी इलाख्या-इलाख्यांतली मिठाची चोरटी ने-आण अडवणारं ते प्रसिद्ध काटेरी कुंपण मोडता आलं. कुंपणाच्या गोष्टी सगळे सांगतात, त्याची किंमत कोणी भरली हे कुणी सांगत नाही.)

रापणकर: आणि गोखल्यांनी १९०२ मध्ये कपात मागितली. १९०३ ला दर २ रुपये, १९०५ ला दीड, १९०७ ला १ रुपया. दर उतरला तसा खप वाढत गेला. म्हणजे आधी लोक हात राखूनच मीठ खात होते.

हिशेबनीस: किंवा चोरटं मीठ खात होते. कर घटला की चोरीत राम राहत नाही, तोच खप सरकारी वहीत दिसू लागतो.

रापणकर: मग चोरटं मीठ का घ्यावं लागत होतं, तेवढं त्या ३० आण्यांच्या हिशेबात बसवून दाखवा.